एका पालकाने टाकलं असलं तरी अर्ज करता येतो

पालकांनी छळलेल्या किंवा टाकलेल्या परदेशी मुलांना अमेरिकेत ग्रीनकार्डची वाट देणारी एक तरतूद आहे, ‘स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल’. बापाने टाकलेल्या मुलासोबत आई राहत असेल, तर त्याला हा अर्ज करता येणार नाही, असं काही जण म्हणतात. तसं नाही. अमेरिकेत ही तरतूद १९९० पासून आहे आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर एका पालकाने जरी छळ केला, हेळसांड केली किंवा टाकून दिलं, तरी पुरतं. वय २१ च्या आत हवं, लग्न झालेलं नसावं.

पण आधी राज्याच्या कोर्टाचा आदेश लागतो. मायदेशी पाठवणं मुलाच्या हिताचं नाही, हेही त्यात यावं लागतं. बऱ्याच राज्यांत १८ पूर्ण झाले की कोर्टाचा अधिकार संपतो. न्यूयॉर्कात पालकत्वाचा अर्ज २१ पर्यंत चालतो. मी दुभाषी म्हणून गेले होते, तेव्हा एक मुलगा वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी आला होता. हातात जन्मदाखल्याची घड्या पडून फाटलेली झेरॉक्स. बापाचा शेवटचा फोन कधी आला, असं विचारल्यावर तो बराच वेळ त्या कागदाकडेच बघत राहिला. म्हणून सांगते, आजच वकील गाठा.

आणखी एक, जे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं: या वाटेने ग्रीनकार्ड मिळालं तरी असा मुलगा पुढे आपल्या आईला ग्रीनकार्डसाठी कधीच स्पॉन्सर करू शकणार नाही. जिने सांभाळलं तिलासुद्धा. हे आई आणि मुलगा दोघांनाही आधीच सांगा.