‘परवडत नसेल तर सोडा’ म्हणणाऱ्या सचिवांना उत्तर

अकरावं_वर्ष
एका शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी काल इथे लिहिलं, “तासिका तत्त्वावर शिकवायची कुणी बळजबरी केलेली नाही, परवडत नसेल तर सोडा. कायद्याने पगार वाढवाल तर खेड्यातली महाविद्यालयं बंद पडतील.” रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय.

मी सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पास, पीएचडी. हे अकरावं वर्ष आणि तिसरं महाविद्यालय. आठवड्याला नऊ तास, तासाला ९०० रुपये. गणपती, निवडणूक, परीक्षा, जे दिवस बुडतील त्यांचे तास गेले. नेमणूक मार्चला संपते, पैसे पावसाळ्यात हातात पडतात. शेजारच्या वर्गात तोच पेपर शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. महाविद्यालयाला दर्जा देणारी नॅकची समिती आली की फायली लावायला मात्र मी लागतो.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात साफ लिहिलंय की कंत्राटी नेमणुका अगदी गरज असेल तरच, आणि एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ती मर्यादाच उडवली. अतिथी अध्यापकाला तासाला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० हे यूजीसीने २०१९ सालीच सांगितलंय. आमचा तास अजून ९०० वर आहे. आम्हाला सवलत नको, लिहिलेला नियम पाळा.

सचिव_ग्रामीण
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. अनुदानित जागेचा पगार शासन देतं आणि ती भरायची परवानगीही शासनच देतं. आमच्याकडे पाच जागा रिकाम्या आहेत, मंत्रालयाचे खेटे घालून चपला झिजल्या. तासिकेचे पैसे शासनाकडूनच उशिरा येतात, ते मी खिशात घालत नाही. विनाअनुदानित तुकडीचा पगार फीमधून द्यावा लागतो आणि बी.ए.ला २२ मुलं आहेत. समान वेतनाचा कायदा झाला तर ती तुकडी बंद करावी लागेल. त्यातल्या मुली एसटीने रोज तालुक्याला जातील का? घरचे सोडणार नाहीत.

मायक्रो_आई
मुलींचा कळवळा आहे ना, मग ऐका. सातव्या महिन्यापर्यंत उभं राहून प्रॅक्टिकल घेतली. रजेचा अर्ज दिला तर “तासिकेला रजा नसते, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरी मुलगी होती. २०१७ पासून कायद्यात २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ द्यावे लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात म्हटलंय. वकिलाच्या फीला पैसे नव्हते, म्हणून मी गप्प बसले.

निवृत्त_साताऱ्याचे
सगळे नेट-सेट, नेट-सेट करतात (नेट म्हणजे सेटसारखीच, पण देशपातळीची परीक्षा). आमचं कुणी विचारलं? मी १९९४ ला लागलो. जाहिरात, विद्यापीठाची निवड समिती, सगळं रीतसर. आमच्या विषयात नेटवाला मिळत नव्हता म्हणून आम्हाला घेतलं. जून २०१३ च्या शासन निर्णयाने सेवा धरली, पण त्या तारखेपासून! आधीची १९ वर्षं पुसली. २००५ नंतरचे ठरलो म्हणून जुनी पेन्शनही नाही. २०१३ मध्येच आम्ही प्राध्यापकांनी परीक्षेवर बहिष्कार टाकला तर ७१ दिवसांचा पगार कापला.

अकरावं_वर्ष
सर, त्या बहिष्कारात मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. निकाल लांबला आणि माझा शिष्यवृत्तीचा अर्ज हुकला. पात्रता नसताना तुम्ही जागा धरल्या, आम्ही पात्र असून दाराबाहेर आहोत.

निवृत्त_साताऱ्याचे
जागा धरल्या? शब्द जपून वापर. तुला शिकवून सेटपर्यंत कुणी आणलं? तुझे किती प्राध्यापक बिगरनेट होते ते मोजून इथे लिही.

अकरावं_वर्ष
तीन. त्यातल्या एकांनी मला पुस्तकं घेऊन दिली होती. “जागा धरल्या” हे मागे घेतो. पण तुमच्या संघटनेने तेव्हा तासिकावाल्यांसाठी एक तरी दिवस वर्ग बंद ठेवला का?

निवृत्त_साताऱ्याचे
नाही ठेवला. ते चुकलंच.

पणजीचा_वकील
जुनी भांडणं थांबवा. तुम्ही कामगारच नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं, त्यामुळे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचा दरवाजा शिक्षकाला बंद झाला. ग्रॅच्युइटीसाठी २००९ ला कायदाच दुरुस्त करावा लागला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू करून. खासगी शाळांनी त्याला आव्हान दिलं आणि २०२२ मध्ये हरल्या. कायदा बदलतो, पण कुणीतरी वीस वर्षं झिजल्यावर. गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमित श्रेणीचं किमान वेतन मंजूर केलं, तो निकाल वाचा.

सचिव_ग्रामीण
वाचलाय. ते पूर्ण वेळ कंत्राटी होते, नऊ तासवाले नव्हते.

पणजीचा_वकील
हे खरं, तो निकाल तासिकेला जसाच्या तसा चिकटणार नाही. पण एका पूर्ण पदाचे तुकडे करून दोघांना नऊ-नऊ तास कोण देतं? त्यावरच बोट ठेवावं लागेल.

अकरावं_वर्ष
सचिवसाहेब, पैसे शासन अडवतं म्हणता ना? निवेदन तयार आहे, त्यावर संस्थेचा शिक्का द्या.

सचिव_ग्रामीण
“समान वेतन” लिहिलं असेल तर देणार नाही. पैसे दरमहा, प्रसूती रजा आणि रिकाम्या पाच जागा एवढंच असेल तर सोमवारी कार्यालयात या. आणि “सोडा” म्हणालो ते तुमच्यासाठी नव्हतं.

मायक्रो_आई
मग कुणासाठी होतं?