मदत हवी आहे : वारा उजवीकडे वळतो, मग चक्रीवादळ उलटं का फिरतं?

शंकासुर

नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे आणि तिच्या भूगोलासाठी घरच्यांनी माझी नेमणूक केली आहे. (मी वाणिज्य शाखेचा. पण ताई ऐकत नाही.)

तिला वर्गात मे २०२२ मधलं एक उपग्रहचित्र दाखवलं. हिंदी महासागरात एकाच वेळी दोन चक्रीवादळं. वर बंगालच्या उपसागरात असनी, खाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला करीम. असनी घड्याळाच्या उलट फिरतंय, करीम घड्याळाप्रमाणे.

पुस्तकातलं वाक्य आम्हा दोघांनाही पाठ आहे: उत्तर गोलार्धात वारे मूळ दिशेच्या उजवीकडे वळतात, दक्षिण गोलार्धात डावीकडे. पण भाची म्हणते, "मामा, सायकल सारखी उजवीकडे वळवत राहिलं तर फेरी घड्याळाप्रमाणे होते. मग असनी उलटं का?"

मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आहे. जाणकारांनी लवकर प्रकाश टाकावा.

खवचट_काका

कोरिऑलिस. गूगल करा.

शंकासुर

काका, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा वळतो त्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात, एवढं पुस्तकातही आहे. अडलंय ते त्याच्या पुढे.

ढगवेडा

भाचीची शंका एकदम रास्त आहे आणि बहुतेक पुस्तकं नेमकी तिथेच गप्प बसतात.

सायकलचं म्हणणं बरोबर आहे, पण हवेला दुसरं काही ओढत नसेल तरच. चक्रीवादळाच्या केंद्रात दाब कमी असतो, त्यामुळे चहूबाजूंची हवा केंद्राकडे खेचली जाते. आता कागद घ्या, मधे केंद्राचा ठिपका काढा. दक्षिणेकडून हवा ठिपक्याच्या रोखाने उत्तरेला निघाली. तिची उजवी बाजू म्हणजे पूर्व. ती पूर्वेला कलते, ठिपका हुकतो आणि ती त्याच्या पूर्वेकडून वर जाते. उत्तरेकडून निघालेल्या हवेची उजवी बाजू म्हणजे पश्चिम. ती ठिपक्याच्या पश्चिमेकडून खाली उतरते. पूर्वेला बाण वर, पश्चिमेला बाण खाली. जोडून बघा, फेरी घड्याळाच्या उलट येते.

म्हणजे प्रत्येक झोत कलतो उजवीकडेच. पण कलल्यामुळे केंद्र त्याच्या डाव्या हाताला येतं आणि तिथला कमी दाब त्याला डावीकडे खेचत राहतो. ही ओढ उजव्या कलापेक्षा जबर असते, म्हणून झोत डावीकडे वळत केंद्राभोवती फिरतो. दक्षिण गोलार्धात सगळं उलट करा, करीम मिळेल.

जास्त दाबाच्या क्षेत्रात हवा बाहेर पडते. बाहेर पडताना उजवीकडे वळली की उत्तरेत फेरी घड्याळाप्रमाणे होते.

शंकासुर

वा! कागदावर काढलं, जमलं. पण मुळात उजवीकडे का कलते?

ढगवेडा

नेहमीचं उत्तर वेगाचं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किमी वेगाने पूर्वेला सरकते, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १५८०. दक्षिणेकडून येणारी हवा तिकडचा जास्तीचा वेग घेऊन येते, म्हणून इथल्या जमिनीच्या पुढे, पूर्वेला जाते. परीक्षेला हे चालेल, पण मला ते अर्धवट वाटतं, कारण पूर्व-पश्चिम वाहणारा वाराही कलतो आणि त्याचं कारण यातून कळत नाही.

त्यापेक्षा घरात पृथ्वीचा गोल असेल तर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवा आणि आधी उत्तर ध्रुवाच्या वरून बघा, मग गोल उचलून दक्षिण ध्रुवाच्या खालून बघा. वरून तो घड्याळाच्या उलट फिरताना दिसेल, खालून घड्याळाप्रमाणे. आपल्या पायाखालची जमीन मुळातच अशी संथ गरगरते आहे. हवा केंद्राकडे गोळा होताना तेच फिरणं वेगवान होतं. उत्तर ध्रुवावर ही गरगर पुरेपूर, मुंबईत तिच्या साधारण एक तृतीयांश, विषुववृत्तावर शून्य.

अवांतर: ज्याचं नाव या परिणामाला आहे त्या फ्रेंच गणिती कोरिऑलिसच्या १८३५ च्या निबंधात वाऱ्याचा विषय नव्हता, तो फिरत्या यंत्रांचं गणित मांडत होता. वाऱ्यांना हा विचार लावला तो अमेरिकेतल्या विल्यम फेरेलने, १८५६ मध्ये.

मीरा_नाशिक

मग मोरीतलं पाणीही आपल्याकडे एका दिशेने आणि ऑस्ट्रेलियात दुसऱ्या दिशेने जातं ते खरं ना? आफ्रिकेत विषुववृत्ताची रेघ आखून तिच्या दोन बाजूंना घमेल्यात पाणी फिरवून दाखवतात, त्याचा व्हिडिओ पाहिला होता.

ढगवेडा

ती पर्यटकांसाठीची हातचलाखी. पाणी ओतताना आणि घमेलं ठेवताना जो हिसका बसतो, तोच फिरण्याची दिशा ठरवतो. शिवाय रेघेच्या इतक्या जवळ हा परिणाम जवळपास शून्यच असतो.

आकडे बघा. मुंबईच्या अक्षांशावर ताशी ७२ किमी वेगाने निघालेली हवा या परिणामामुळे तासाभरात साधारण ६ किमी बाजूला सरकते. वादळात हेच शेकडो किलोमीटरवर, दिवसेंदिवस चालतं. मोरीत पाणी तीन सेकंदांत एक वीत जातं, तेवढ्यात ते सरकतं मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकं. मोरीचा उतार, साबणाचा बुडबुडा, काहीही त्याला भारी पडेल.

तरी हट्टाने करून पाहिलेलं आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या ॲशर शपिरो यांनी सुमारे १.८ मीटर रुंदीच्या टाकीत पाणी भरून ते २४ तास स्थिर होऊ दिलं आणि मग तळाचं बारीक भोक उघडलं. पहिली बारा-पंधरा मिनिटं काहीच दिसलं नाही, नंतर पाणी घड्याळाच्या उलट फिरू लागलं. १९६५ मध्ये सिडनीत तसाच प्रयोग झाला, तिथे ते घड्याळाप्रमाणे फिरलं.

शेतातल्या वावटळीचंही तेच. ती इतकी छोटी असते की दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या सापडतात.

खवचट_काका

गुरूवरचा मोठा लाल डाग दक्षिण गोलार्धात आहे आणि घड्याळाच्या उलट फिरतो. आता बोला.

ढगवेडा

काका, तो जास्त दाबाचा आहे. जास्त दाबाची फेरी उत्तरेत घड्याळाप्रमाणे, म्हणून दक्षिणेत उलट. :)

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत होतो, आता रत्नागिरीत. आमच्या कामात हा विषय जिवाशी खेळणारा असतो, म्हणून लिहितो.

उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढच्या बाजूला. दक्षिणेत उजव्या हाताला. बाइस-बॅलॉटचा नियम म्हणतात, १८५७ चा. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं तेव्हा आमच्याकडे वारा मुख्यतः दक्षिणेचा होता. पाठ दक्षिणेला केली की डावा हात समुद्राकडे, आणि वादळ तिथेच.

वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड केलं तर उत्तरेत त्याची उजवी बाजू घातक. तिथे फिरण्याचा वेग आणि वादळाच्या वाटचालीचा वेग यांची बेरीज होते. वर तिथला वारा जहाजाला वादळाच्या वाटेवरच ढकलतो. दक्षिणेत डावी बाजू घातक. विषुववृत्त ओलांडलं की डोक्यातलं सगळं चित्र फिरवून ठेवावं लागतं.

आणि केंद्रच अंगावरून गेलं तर? जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. तिकडचे आमचे पाहुणे सांगतात, आधी डोंगराच्या अंगाने झोडपलं, मधे थोडी उसंत, मग समुद्राच्या अंगाने. पहिल्या माऱ्यात तग धरलेल्या पोफळी दुसऱ्या माऱ्यात गेल्या.

मीरा_नाशिक

मग एखादं वादळ खालून वर विषुववृत्त ओलांडून आलं तर मधेच फिरणं उलटं करतं का?

ढगवेडा

असं ओलांडून आलेलं चक्रीवादळ नोंदीत नाही. मुळात विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत ती क्वचितच तयार होतात. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीड अंशाच्या आसपास वामेई तयार झालं, ते अपवादातलं.

असनी-करीमसारख्या जोड्या मात्र अधूनमधून जमतात. विषुववृत्तावरून पश्चिमेचा जोरदार वारा काही दिवस वाहिला की त्याच्या उत्तरेच्या कडेला हवेला घड्याळाच्या उलट पीळ बसतो आणि दक्षिणेच्या कडेला घड्याळाप्रमाणे. दोन्हीकडे वादळाला लागतो तसाच.

शंकासुर

सगळ्यांचे आभार, काकांचेही. भाचीला कागद पटला. पण आता ती असनीचे हलते उपग्रहपट बघतेय आणि म्हणते, कडेचे पांढरे धागे घड्याळाप्रमाणे बाहेर जातात. हे काय नवीन?

ढगवेडा

पोरीची नजर चांगली आहे. ते १२-१५ किलोमीटर उंचीवरचे बर्फकणांचे ढग. खाली गोळा झालेली हवा मधून वर चढते आणि माथ्यावर बाहेर पसरते. पसरताना उजवीकडे वळत जाते, म्हणून केंद्रापासून दूर, कडेला, फेरी घड्याळाप्रमाणे. इन्फ्रारेड (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात हेच थंड ढग उठून दिसतात. खालचं फिरणं बघायचं तर हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची इन्सॅट उपग्रहाची दिवसाची, साध्या उजेडातली चित्रं घ्या आणि केंद्राजवळचे बुटके ढग पकडा.