मदत हवी आहे: वडिलांची बुलेट मॉडिफाय केलीय, रविवारी गिऱ्हाईक येतंय, किंमत किती सांगू?

बार्देशकर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. रविवारी सकाळी पुण्याहून एक जण गाडी बघायला येतोय आणि त्याने फोनवरच 70 हजार म्हटलंय. माझा नुसता खर्च 1 लाख 85 हजार झालाय. बॉबर केलीय, म्हणजे जादा भाग काढून सुटसुटीत, मागे 16 इंची जाड टायर, सिंगल सीट, आखूड सायलेन्सर, काळं पावडर कोटिंग, टाकीसुद्धा नवीन बनवून घेतली, बिलं सगळी आहेत. क्लासिक गाडी आहे, म्हापशात मार्केटकडे उभी केली की लोक फोटो काढतात. दोन लाख मागितले तर जास्त होतात का एवढंच सांगा. विकू नको वगैरे कृपया नको, घराचं छप्पर करायचंय, पावसाच्या आधी पैसे लागणार.

फोंड्याचा_बाळू
क्लासिक म्हणजे कंपनीचं क्लासिक मॉडेल, 2009 नंतरचं, की जुनी गाडी म्हणून क्लासिक? दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. साल सांग, गियर कुठल्या पायात ते सांग.

बार्देशकर
जुनीच हो. बुलेट 350, उजव्या पायात गियर. बाबांनी नवी घेतलेली, 1987. नंबर गोव्याचा जुना जीडीवाला. आता किंमत सांगा.

सत्तरीकर
माझं ऐक, बुलेटच्या नादी लागूच नको. माझ्याकडे यामाहा आरएक्स 100 आहे, 98 सीसी, 11 पीएस, वजन जेमतेम 100 किलो, चोर्ला घाट अशी चढते की मागचा माणूस गप्प बसतो. 1996 ला बंद झाली म्हणून आज मागणी आहे. मी फक्त इग्निशनचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक सीडीआय टाकलं, बाकी नटबोल्टसुद्धा मूळचे. ते पैसे येतील त्यातून आरएक्स बघ, मी शोधून देतो.

फोंड्याचा_बाळू
सत्तरीकर, त्याला छप्पर घालायचंय, गाडी घ्यायची नाहीये.

लेथवाले_काका
बाळा, मी तीस वर्षं बोअर मारतोय, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करतोय, म्हणून विचारतो. बोअर आता किती झालाय? मूळ 70 मिमी असतो, स्ट्रोक 90. दोनदा तीनदा बोअर मारून सिलिंडर शेवटच्या साइझला आला असेल तर घेणारा नवा सिलिंडर पिस्टन धरूनच भाव करणार, आणि ते चुकीचं नाही. बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, फ्लोटिंग बुशवालाच आहे की रोलर टाकलाय? इंजिन गरम झाल्यावर खालून टकटक येते का? टायर आणि सीटचे पैसे कोणी देत नाही, ती तुझी आवड. तू जे 1 लाख 85 हजार म्हणतोस त्यातले इंजिनात किती गेले ते लिही.

बार्देशकर
इंजिनात साधारण 22 हजार, 2019 ला, तेव्हाच सगळं केलं. बोअर 40 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वर आहे बहुतेक. टकटक नाही. बाकीचे पेंट, फॅब्रिकेशन, टायर, हँडल, सीट, टाकी. पण काका, काम करणाऱ्याने तेव्हा सांगितलेलं की मॉडिफाय केली की किंमत दुप्पट होते.

लेथवाले_काका
ते त्याच्या दुकानात होते. बाहेर नाही.

पर्वरीची_नंदा
मी बाजूला काही वेगळं विचारते. 1987 ची गाडी म्हणजे रजिस्ट्रेशन 15 वर्षांनी 2002 ला संपलं, मग रिन्यूअल दर पाच वर्षांनी, 2007, 2012, 2017, 2022. 2022 चं रिन्यूअल झालं का? आणि आरसी कोणाच्या नावावर आहे? तू 'बाबांनी घेतलेली' लिहिलंस, बाबा आहेत ना?

बार्देशकर
बाबा 2020 ला गेले. आरसी त्यांच्याच नावावर. 2022 चं राहिलंय, तेव्हा लक्षातच आलं नाही. इन्शुरन्स पण संपलाय. गाडी महिन्यातून एकदाच काढतो. पण यांचा किमतीशी संबंध काय, घेणारा करून घेईल ना?

पर्वरीची_नंदा
संबंध तोच तर आहे. आज तू विकतोयस ते लोखंड आहे, गाडी नाही. आधी तुझ्या नावावर, फॉर्म 31, वारसांच्या सह्या. गोव्यात लग्नानंतर सहसा अर्धी मालमत्ता बायकोची असते, म्हणजे त्या गाडीत आईचा हिस्सा आधीच आहे, उरलेल्यात तुम्ही भावंडं. बहीण असेल तर तिचीही सही लागेल. मग रिन्यूअल, 20 वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट 2025 पासून फी 2000 झालीय, वर उशिराचे महिन्याला 300, 2022 पासून मोज. पुण्याला जायची तर आरटीओची ना हरकत, फॉर्म 28 ची एनओसी. इन्शुरन्स त्या मानाने स्वस्त, 346 सीसी म्हणजे 150 ते 350 चा स्लॅब, थर्ड पार्टी 1366 अधिक जीएसटी. आणि रिन्यूअलला गाडी आरटीओत न्यावी लागते. तिथे इन्स्पेक्टर कागदावर पेन्सिलने चेसिस नंबरचा छाप घेतो, तुझ्या पावडर कोटिंगखाली तो वाचता येतोय का?

किनाऱ्यावरचा
मी सगळं वाचून लिहितोय. ही बाई घाबरवतेय उगाच. आमच्या गावात चाळीस मॉडिफाइड गाड्या फिरतात, कोणी विचारत नाही. बॉबर बघायला सुंदर दिसते, सुंदर वस्तूला किंमत असते. दोन लाख सांग, दीडला ये.

पर्वरीची_नंदा
फिरतात, पण आरटीओत उभ्या राहात नाहीत. मोटर व्हेईकल कायदा कलम 52, कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळं करायचं नाही. जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने हेच पक्कं केलं. 182ए मध्ये प्रत्येक बदलाला 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग वेगळा असेल तर नोंद करता येते, फ्रेम कापलेली असेल तर काय सांगणार? आणि ज्याने फोटो काढले तो विकत घेणारा नसतो.

किनाऱ्यावरचा
फ्रेम कापलीय असं कुठे म्हटलंय त्याने?

फोंड्याचा_बाळू
सिंगल सीट बॉबर म्हणजे मागचा लूप, सीटखालचा फ्रेमचा वळलेला पाइप, बहुतेक वेळा कापतातच. बार्देशकर, खरं सांग.

बार्देशकर
कापलाय. मागच्या शॉकॅबच्या वरच्या टोकापासून मागचा भाग. आणि आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. हँडलखाली मानेपाशी नंबर आहे, पहिले अंक दिसतात, शेवटचे दोन कोटिंगने भरलेत, बोटाने चाचपले तर नुसतं गुळगुळीत. नख लावून बघितलं, निघत नाही.

लेथवाले_काका
पॉलिशपेपर लावू नको. अजिबात नको. नंबर घासलेला दिसला की चोरीची गाडी म्हणून बघतील. पेंट स्ट्रिपरचा बोळा ठेवून पातळ ब्रशने उकल, धातूला हात लावू नको. सकाळी उजेडात कर.

डिचोलीचा_पायलट
मी 1991 पासून पायलट, म्हणजे गोव्यातला मोटरसायकल टॅक्सीवाला आहे, पहिली गाडी बुलेटच, पिवळा मडगार्ड. 1987 ची आहे ना, मग टाकीवर 'एन्फील्ड' लिहिलेलं असणार, 'रॉयल' नाही. कंपनी तेव्हा एन्फील्ड इंडिया होती, नाव 1994 नंतर बदललं. तुझ्या नव्या टाकीवर काय लिहिलंय? मला ती जुनी टाकी दाखव. माझी गाडी मी 95 हजारांना दिली होती, चार वर्षांपूर्वी, ओरिजनल टाकी, अ‍ॅमीटर, टूलबॉक्स, सगळं जागच्या जागी. घेणारा टाकीचं झाकण उघडून आत बोट घालून गंज बघत होता, सायलेन्सरकडे त्याने बघितलंही नाही. आणि एक, पायलटकी करताना मी डिकंप्रेसर (किकआधी सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) न दाबता किक मारून गुडघा काढून घेतला होता, अजून पावसात दुखतो, जपून मार.

बार्देशकर
नव्या टाकीवर 'रॉयल एन्फील्ड'चं स्टिकर आहे. जुनी टाकी, मडगार्ड, साइड बॉक्स माळ्यावर आहेत, मी टाकले नव्हते. आईने टाकी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलीय. मगाशी विचारलं तर ती म्हणाली बाबा दर चवथीच्या आधी टाकी स्वतः पुसायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. मला हे माहीत नव्हतं, तेव्हा मी कामाला बाहेर होतो. कापलेला लूप शोधतोय, तो असेल तर जोडता येतो का?

किनाऱ्यावरचा
असेल तर दोन्ही सामान देऊन टाक, घेणारा त्याला हवं ते लावेल. मी अजून म्हणतो किमतीला मॉडिफिकेशन नडत नाही.

सत्तरीकर
माझी आरएक्स खरंच बघून जा एकदा.

लेथवाले_काका
जोडता येतो, पण नुसतं वेल्ड मारून नाही. आतून पाइपचा स्लीव्ह घालायचा, बाहेरून भोकं पाडून ती वेल्डने भरायची, मग जिगवर, म्हणजे मापाच्या साच्यात, सरळ करून बघायचं, नाहीतर मागचं चाक तिरकं चालतं आणि अनमोड घाटात वळणावर गाडी तुला सांगेल. लूपचा तुकडा सापडला तर कापलेल्या कडा बघ, गॅसकटर मारलेला असेल तर तेवढा पाइप आखूड झालेला असतो, नवा तुकडा घालावा लागेल. मागचं चाकपण 19 इंचीच लागेल, 16 वर मूळचं मडगार्ड बसलं तरी खाली झुकलेलं दिसतं.

पर्वरीची_नंदा
म्हणजे जोडणं आणि कागद, दोन्ही झाल्याशिवाय भाव सांगू नकोस. आणि रविवारच्या माणसाला आज रात्रीच फोन कर, पुण्याहून उगाच येईल.

बार्देशकर
फोन केला. तो म्हणाला आरसी वडिलांच्या नावावर आणि संपलेली असेल तर 70 पण देणार नाही, 35 म्हणाला. बहिणीला पण फोन केला, ती सही द्यायला तयार आहे, पण विकणार असलास तर मला एकदा मागे बसव म्हणाली, बाबांनी शाळेत नेलेलं ते आठवतंय तिला. छपराचं पतसंस्थेतून बघतो. लूप सापडला, कपाटामागे होता, दोन्ही कडा कापून गोल झाल्यात, सुमारे तीन बोटं पाइप कमी आहे. काका, कधी आणू? परवा सकाळी चालवत येऊ का?

लेथवाले_काका
चालवत नको. इन्शुरन्स नाही, आरसी नाही, आणि कापलेल्या फ्रेमवर मुळीच नको. टेम्पोत घालून आण, टाकी पण आण चादरीसकट, आणि सकाळी ये, दुपारी लाइट जाते.