मदत हवी आहे: मेनफ्रेमवर पीआरडी (प्रॉडक्शनचे) जॉब डेव्हलपरांकडून सबमिट होतायत, अडवायचे कसे?

होटगी_रोड: पीआरडीने सुरू होणारे जॉब डेव्हलपरांना टाकता येऊ नयेत. प्रोफाईल (परवानगीचा नियम) केलं, यूएसीसी (बाकी सगळ्यांना मिळणारा अधिकार) नन ठेवलं, तरी बिनदिक्कत सबमिट होतायत. संध्याकाळच्या बॅचआधी हवंय. लवकर सांगा.

शेंगाचटणी: सुरक्षेचं सॉफ्टवेअर रॅकएफ की एसीएफ2? प्रोफाईलचा क्लास (प्रकार) कुठला? प्रोफाईल जसंच्या तसं टाका, नुसतं 'केलं' म्हणून काय कळणार?

लिनक्सवाले_पंत: क्रॉन.अलाऊ फाईलमध्ये (ठरल्या वेळी जॉब लावणारं क्रॉन कोणी वापरायचं त्याची यादी) फक्त हवी ती नावं ठेवा. बाकीच्यांचं क्रॉनटॅब बंद.

शेंगाचटणी: पंत, मेनफ्रेम चाललंय इथे.

अक्कलकोट_नाका: टीएसओऑथ (टीएसओ लॉगिनमधल्या अधिकारांचा) क्लासमधल्या जेसीएलवरचा डेव्हलपर ग्रुपचा रीड काढा. सबमिट कमांडच बंद.

शेंगाचटणी: आणि त्यांनी कंपाईल कसं करायचं? शिवाय इंटरनल रीडर (जॉब आत घेणारी वाट) उघडाच. एफटीपीत फाइलटाइप=जेस (जेस म्हणजे जॉब घेऊन चालवणारी यंत्रणा) दिलं की जॉब आत.

अक्कलकोट_नाका: डेव्हलपरांना एफटीपी देतंच कोण?

होटगी_रोड: रॅकएफ. क्लास जेसजॉब्ज, ॲक्टिव्ह आहे, रिफ्रेशही केलंय. प्रोफाईल असं:
सबमिट.*.डेव्ह*.पीआरडी*

जुळे_सोलापूर: क्रम उलटा झालाय. सबमिटमध्ये नोड, जॉबनेम, यूजर. कॅन्सलमध्ये नोड, यूजर, जॉबनेम. कॅन्सलचं बघून लिहिलेलं दिसतंय. प्रोफाईल जुळतच नाही, त्यामुळे ते काही अडवत नाही, म्हणून आयसीएच408आय (नकाराचा मेसेज) सुद्धा दिसत नाही. असं करा:
सबमिट.*.पीआरडी*.*
यूएसीसी नन, आणि सुरुवातीला वॉर्निंग (अडवत नाही, फक्त मेसेज देतं). तपासणी जॉब टाकणाऱ्याची होते, म्हणून शेड्युलर ज्या आयडीखाली चालतो त्याला रिफ्रेशच्या आधी रीड द्या, नाहीतर वॉर्निंग काढताच रात्री शेड्युलरच अडकेल. मेसेज फक्त डेव्हलपरांचेच येतायत असं दिसलं की वॉर्निंग काढा, परत रिफ्रेश.

अक्कलकोट_नाका: जॉबचं नाव बदलून टाकला तर? नाव म्हणजे कुलूप नव्हे. प्रॉडक्शनच्या डेटासेटवर अपडेट कोणाला आहे ते आधी बघा.

जुळे_सोलापूर: हे मात्र खरं. आणि एसडीएसएफमध्ये (जॉब बघायच्या स्क्रीनवर) थांबलेल्या जॉबसमोर 'ए' मारून कोणी सोडू नये, तर ऑपरकमांड्ज (ऑपरेटर कमांडच्या) क्लासमधलं जेस2.मॉडिफायरिलीज.बॅट बघा, तिथला अपडेट काढा.



होटगी_रोड: वॉर्निंगमध्ये दोन डेव्हलपर आले, आणि एक आयडी ओळखीचाच नाही. शेड्युलरचा आयडी कुठे दिसतो?

शेंगाचटणी: स्टार्टेड क्लासमध्ये, त्या टास्कच्या प्रोफाईलचा एसटीडेटा (टास्क कोणत्या आयडीखाली चालतो तो भाग) बघा.