मदत हवी आहे: निसान वन-टन, ब्रेक डावीकडे खेचतो, चॅसीला पापुद्रे, घाटात इंजिन बंद

कातळवाट
लष्करी लिलावातून आलेला, जबलपूरला बनलेला निसान वन-टन (फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक) आहे. सहा सिलिंडरचं ३९५६ सीसी पेट्रोल इंजिन, नोंदणी खाजगी. गाडी गुहागर तालुक्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उभी असते. काम म्हणजे बागेतून आंब्याच्या पेट्या कातळावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायच्या. वाटेत एक ओढा लागतो. हंगामात कधीकधी कुंभार्ली घाटाने कराडलाही जाते.

१. ब्रेक मारला की गाडी डावीकडे खेचते. पहिल्या दाबाला पॅडल खाली जातं, दुसऱ्याला पकडतं.
२. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपाशी चॅसीचे पापुद्रे सुटतायत. जळकं ऑइल मारायचा सल्ला मिळाला आहे.
३. मे महिन्यात घाट चढताना इंजिन बंद पडतं. वीसेक मिनिटांनी आपोआप चालू होतं.
४. डिझेल इंजिन बसवायचा विचार आहे. रंग मूळचा लष्करी हिरवा ठेवायचा आहे.

आधी कशाला हात घालू?

खारवारा
ब्रेकला. तो होईपर्यंत घाट बंद ठेवा.

डावीकडे खेचते म्हणजे बहुधा उजवं पुढचं चाक पकडत नाही. सपाट जागेवर चारही चाकं उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. एकाला पॅडल दाबायला बसवा आणि एकेक चाक हाताने फिरवून बघा. दाबल्यावरही फिरतं ते चाक दोषी: चाकातला ब्रेकचा सिलिंडर जाम आहे किंवा ब्रेकच्या लायनरवर हबचं ग्रीस आलंय. उलट, पॅडल सोडल्यावरही चाक अडकून राहिलं तर त्या सिलिंडरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. तेल पिचकारीसारखं उडून चाक मोकळं झालं तर सिलिंडर ठीक, मागे दाब अडकतोय. जुनी रबरी नळी आतून फुगली की तेल जातं पण परत येत नाही, बाहेरून मात्र ती धडधाकट दिसते.

दुसऱ्या दाबाला पकडतं याचं कारण बहुतेक वेळा शू (लायनर बसवलेली पट्टी) आणि ड्रममधलं जास्त झालेलं अंतर. अॅडजस्टर चाक घासेपर्यंत फिरवा, मग मोकळं होईल इतकाच मागे घ्या. आधी अॅडजस्ट आणि मग एअर (नळ्यांतली हवा काढणं), हा क्रम उलटा केलात तर दिवसभर पंप मारत बसाल. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्यासाठी मानकातली किमान मर्यादा १४० अंशांची. घाट उतरताना ड्रम तापले की हाच फरक पॅडलमध्ये उतरतो. तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं. किनाऱ्यावर दरवर्षी पाऊस संपला की सगळं तेल बदला. रबरं पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. लोखंडी नळ्या बदलायच्या झाल्या तर तांबं-निकेल मिश्रधातूच्या घ्या आणि टोकं डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून पसरट) करून घ्या. शुद्ध तांबं कंपनाने कडक होऊन तडकतं.

पानापक्कड
चॅसीवर जळकं ऑइल अजिबात नको. पाट्यांचे बुश आणि ब्रेकच्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, लायनरवर थेंब पडला तर ब्रेक गेला, आणि पावसात ते सगळं वाहून विहिरीत जातं. वर तेलावर कातळाची लाल धूळ बसते आणि ओल धरून ठेवते.

ब्रॅकेट आणि चॅसीचं चॅनेल (पन्हाळीच्या आकाराची लांब लोखंडी तुळई) यांच्या फटीत चिखल बसतो. आत गंज फुगतो आणि दोन पत्रे एकमेकांपासून उचलतो, रिव्हेटसुद्धा ओढले जातात. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर घालून बघा. आरपार गेला तर रंगकाम थांबवून वेल्डिंग.

नाहीतर असं करा: पापुद्रे खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, गोड्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस कडक वाळू द्या. इथे लोक चुकतात. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलंत तर रंगाखाली मीठ राहतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात. पाणी चाखून बघा, जीभ सांगते. त्यानंतर फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर, वर इपॉक्सी रंगाचे दोन हात. फटीत आणि चॅनेलच्या आतल्या बाजूला मेण किंवा लॅनोलिनचा फवारा. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा.

वेल्डिंग लागलंच तर बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. पट्टी मूळ चॅनेलइतक्याच जाडीची घ्या, टोकं तिरकी कापा. फ्लँजवर (चॅनेलच्या वरच्या-खालच्या कडेवर) आडवा टाका मारू नका, चॅसी नेमकी तिथेच चिरते.

जुनीगिअर
घाटातलं बंद पडणं: पेट्रोलची वाफ, तापलेली कॉइल आणि टाकीच्या झाकणाचं बुजलेलं छिद्र, तिघांचं लक्षण एकच. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. सुस्कन हवा आत गेली तर छिद्र साफ करा, काम झालं. नाही तर प्लगवर ठिणगी बघा, कार्बोरेटरपासून लांब. ठिणगी नसेल तर कॉइल. ठिणगी चांगली आणि कार्बोरेटर कोरडा असेल तर पंपावर ओलं फडकं टाका. लगेच चालू झाली म्हणजे वाफच. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्या, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्या, ई-२० मुळे जुनं रबर सुटून त्याचा काळा गाळ जेटमध्ये अडकतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते.

डिझेलचं आत्ता नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी लागते. शिवाय डिझेल कमी फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे मूळ गिअरिंगवर वेग मिळत नाही, आणि पुढच्या अॅक्सलला सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) अडतो. लष्करी हिरवा रंग तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार खाजगी गाडीला चालतच नाही. राखाडी किंवा मातकट द्या.

न विचारलेलं एक सांगतो. ओढ्यात तापलेला अॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) पाणी ओढते. रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन प्लग हळूच सैल करा. आधी पाणी आलं किंवा तेल ताकासारखं दिसलं तर ते सगळं बदला. ब्रीदरला नायलॉनची नळी जोडून बॉडीच्या उंचीवर न्या. आणि कोरड्या कातळावर फोर-व्हील लावू नका. कातळ डांबरासारखाच पकडतो, ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) पीळ बसतो आणि मग लिव्हर निघत नाही.

कातळवाट
उजवं पुढचं ड्रम काढलं. एक पिस्टन चिकटलेला, रबराखाली चहाच्या रंगाचं पाणी. सिलिंडरच्या बोअरमध्ये (आतल्या पोकळीत) नखाला लागतील असे खड्डे आहेत. होन मारून (आतून घासून गुळगुळीत करून) चालेल का?

खारवारा
नखाला लागतात म्हणजे होन पुरणार नाही. खड्डे जाईपर्यंत घासलंत तर बोअर मोठा होतो आणि रबर त्यात सैल बसतं. नवा सिलिंडर घ्या. मिळाला नाही तर लेथवर स्टेनलेसची स्लीव्ह बसवून मूळ मापाला बोअर करून घ्या. नवी स्प्रिंग आणि रबरं टाका. डावं ड्रमही उघडा आणि दोन्ही बाजूंचं काम एकदमच करा, एकीकडे नवं आणि एकीकडे जुनं राहिलं तर गाडी उजवीकडे खेचायला लागेल.