शब्दचर्चा : पाचपोच, तारतम्य आणि लिफ्टमधली सूचना

मासुंदाकाठ
घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत लिफ्टमध्ये लावायच्या एका सूचनेचे मराठीकरण माझ्याकडे आले आहे आणि मी त्यात अडकलो आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आणि तीनच ओळींचा आहे : कॉमन सेन्स वापरा, इतरांशी कर्टसीने वागा, स्वतःच्या वागण्याची रिस्पॉन्सिबिलिटी घ्या. ही सूचना कशासाठी, तेही सांगतो. रोज सकाळी कोणीतरी ओल्या कचऱ्याची पिशवी लिफ्टच्या कोपऱ्यात टेकवून ठेवतो, तिच्या तळाच्या भोकातून चहाच्या चोथ्याचे तपकिरी पाणी ओघळत दाराच्या खाचेपर्यंत जाते, तळमजला आला की पिशवीचे मालक पिशवी उचलून खाली न पाहता निघून जातात, आणि पुढच्या फेरीत शिरलेल्या शाळकरी मुलांचे बूट तेच पाणी मजल्यामजल्यांवर पोहोचवतात.

पहिल्या मसुद्यात एका सभासदांनी ‘सामान्यज्ञान वापरावे’ असे लिहिले होते. राजधान्या आणि नद्यांची नावे पाठ असलेल्या माणसाची कचऱ्याची पिशवीसुद्धा गळू शकते, म्हणून तो शब्द बाद झाला. मी ‘थोडा पाचपोच ठेवावा’ असे सुचवले. त्यावर एका तरुण सभासदाने असा शब्दच ऐकला नसल्याचे सांगितले, आणि मूळच्या पुण्याच्या एका काकूंनी शब्द मान्य करून ‘ठेवावा नव्हे, ठेवावी’ अशी दुरुस्ती केली. माझी आजी ‘कसला म्हणून पाचपोच नाही मेल्याला’ असेच म्हणत असे. जाणकारांनी लिंग, व्युत्पत्ती आणि पर्याय, तिन्हींवर लिहावे.

तळटीप
‘पोच’ हे ‘पोहोचणे’पासून आले आहे, याबद्दल वाद नसावा. बुद्धीची पोहोच ती पोच. पत्राची पोच आपण स्त्रीलिंगी मानतो, ‘पोच मिळाली’ असेच म्हणतो. त्या न्यायाने पाचपोचही स्त्रीलिंगी ठरते आणि काकूंचे म्हणणे बरोबर होते. ‘पाच’ हा भाग मात्र मला नुसता नादासाठी जोडलेला वाटतो. टापटीप, ठाकठीक या जोड्यांत जसा एक अवयव दुसऱ्याला ठेका देतो, तसेच हे असावे. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

नौपाड्याचे आजोबा
तळटीप, आपला तर्क मला पटत नाही. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. पाच माणसांत कसे वागावे, याची पोच ती पाचपोच, इतके ते सरळ आहे. आमच्या वाड्यात वडीलधारी माणसे ‘पाच जणांत बसायची लायकी आहे का’ असे विचारत, ते मी स्वतः ऐकलेले आहे.

तळटीप
आजोबा, आदरपूर्वक सांगतो, लोक काय म्हणतील याची धास्ती मराठी माणसाला पाचांची नसून चारांची असते. ‘चार लोक काय म्हणतील’, ‘चारचौघांत शोभले पाहिजे’, ‘चार शब्द सुनावले’. आपली व्युत्पत्ती खरी असती, तर शब्द चारपोच झाला असता.

नेरुळची वाचक
लिंगाचा प्रश्न सुटत नाही याचे कारण तो शब्द वापरला कसा जातो यातच आहे. ‘त्याला काही पाचपोच नाही’ या वाक्यात लिंग दिसण्याची सोयच नाही, आणि हा शब्द ‘नाही’शिवाय सहसा घराबाहेर पडत नाही. ‘अमुक माणसाला भरपूर पाचपोच आहे’ असे कोणी कोणाचे कौतुक केलेले मला आठवत नाही. मासुंदाकाठ, तुमची खरी अडचण मला इथे दिसते. जो शब्द जन्मभर तक्रारीतच राबला, त्याला तुम्ही सूचनेत विनंतीच्या कामावर लावत आहात, म्हणून तो कानाला खटकतो.

आणि हे एकट्या पाचपोचाचे नाही. धरबंध नाही, ताळतंत्र उरले नाही, कशाची चाड नाही, तमा न बाळगता, मुलाहिजा न ठेवता, सोयरसुतक नाही. दुसऱ्याचा विचार करण्याविषयी मराठीत शब्दांचा एवढा साठा आहे आणि त्यातला मोठा भाग नकाराला बांधलेला आहे. ‘सुतराम’ तर पाहा. संस्कृतात ‘सुतराम्’ म्हणजे अधिकच, विशेषच. मराठीत मात्र ‘सुतराम संबंध नाही’ याखेरीज तो भेटत नाही. होकारात नांदणारे जे थोडे आहेत, त्यांतूनच तुम्हाला निवड करावी लागेल : भान ठेवणे, जाण ठेवणे, तारतम्य बाळगणे.

उपविधी
नेरुळच्या ताईंनी मांडलेल्या मुद्द्यात मी एक भर घालतो, कारण सोसायटीच्या सूचना लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपल्या फलकांवरचा ‘जबाबदार’ हा शब्दही नकारातच अडकलेला आहे. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत, नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ वाशीतली पार्किंगची जागा असो की ठाण्यातले मंगल कार्यालयाचे चप्पल-स्टँड असो, जबाबदारी ही दुसऱ्याने घ्यायची आणि आपण नाकारायची वस्तू म्हणूनच फलकावर येते. वर्तमानपत्रात तर ‘अपघातास जबाबदार’ म्हणजे सरळ दोषी. अशा शब्दाने ‘जबाबदारी घ्या’ म्हटले, की वाचणाऱ्याला आधी आरोपाचा वास येतो. ‘कॉमन सेन्स’साठी मात्र माझे मत तारतम्याला. तर आणि तम या प्रत्ययांपासून झालेला तो शब्द आहे. अधिक काय आणि सर्वाधिक काय हे ओळखणे म्हणजे तारतम्य. स्वतःची दोन मिनिटे मोलाची की चाळीस घरांची लिफ्ट, हा हिशोब त्या शब्दात अंगचाच आहे.

स्वभाषा
मुळात ‘जबाबदारी’ हा शब्द हवाच कशाला? जबाब अरबी, दार फारसी. मुलाहिजा अरबी. इतक्या परक्या शब्दांवर खल करण्यापेक्षा ‘उत्तरदायित्व’, ‘शिष्टाचार’ आणि ‘विवेक’ हे तीन स्वच्छ शब्द घ्यावेत आणि सूचना पूर्ण करावी. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो उगाच नव्हे. सुरनिसाचा सचिव आणि मुजुमदाराचा अमात्य झाला, तो जाणीवपूर्वक केलेल्या प्रयत्नाने झाला. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी पत्राखाली ‘सचिव’ म्हणून सही करतात, तेव्हा ते त्याच परंपरेचा लाभ घेत असतात.

नेरुळची वाचक
सचिव रुळला हे मान्य. परंतु उत्तरदायित्वाने नेमके काय साधते ते सांगा. जबाब म्हणजे उत्तर, आणि ते ज्याच्यापाशी असते तो जबाबदार. उत्तर देणारा तो उत्तरदायी. कल्पना तीच, कपडे फक्त बदलले. शिवाय ‘दायित्व’ हा शब्द ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसलेला असतो, त्यामुळे लिफ्टमध्ये तो वाचून निम्म्या सभासदांना मेंटेनन्सची थकबाकी आठवेल. १९२५ साली फार्शी-मराठी कोश करणारे माधवराव पटवर्धन पुढे स्वतःच भाषाशुद्धीच्या बाजूचे झाले, ही गोष्ट मला नेहमी बोलकी वाटते. कोणता शब्द कुठून आला हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण जबाबदारी त्यांच्यानंतरही मराठीत राहिलीच.

स्वभाषा
रुळलेल्या शब्दाचे समर्थन रुळल्याच्याच आधारावर करायचे असेल, तर ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ही रुळली आहे. मग हा धागा बंद करावा आणि इंग्रजी सूचना आहे तशीच लावावी.

खारघरचा वऱ्हाडी
आमच्याकडे जबाबदारीपेक्षा ‘जुम्मेदारी’ ऐकू येते. ‘हे तुह्या जुम्मेदारीवर’ असे वडिलांनी म्हटले, की त्यात आरोप नसायचा, विश्वास असायचा. म्हणजे फलकावरच्या जबाबदारीला जो वास येतो असे उपविधी म्हणतात, तो जुम्मेदारीला येत नाही, निदान माझ्या नाकाला तरी नाही. आता हाही शब्द अरबीच आहे, त्यामुळे स्वभाषा यांना तो चालणार नाही, आणि ठाण्यातल्या सूचनेत तो लिहिला तर लोक हसतील. प्रमाणभाषेच्या नावाखाली आपण किती कामाचे शब्द घरी ठेवून येतो, एवढेच मला नोंदवायचे होते.

कलमबहाद्दर
आपण सारे ‘जबाबदारी’त गुरफटलो आहोत, आणि संविधानाने मात्र वेगळाच शब्द निवडला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१-क आले, त्याचे शीर्षक ‘मूलभूत कर्तव्ये’. कर्तव्य म्हणजे जे करायचे आहे ते. जबाबदारी म्हणजे घडून गेल्यावर ज्याचे उत्तर द्यायचे आहे ते. लिफ्टमध्ये पाणी सांडू न देणे हे कर्तव्य आहे, आणि सांडलेच तर ते पुसणे ही जबाबदारी. इंग्रजी मजकुरातल्या एका शब्दात दोन्ही कोंबले आहेत, म्हणून एका मराठी शब्दात ते मावत नाही. दोन वाक्ये करा.

मासुंदाकाठ
दोन वाक्यांची कल्पना चांगली आहे. परंतु ‘आपले कर्तव्य करावे’ असे लिफ्टमध्ये लिहिले, तर ते शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखे दिसेल आणि तितकेच वाचले जाईल. ‘कर्टसी’वर अजून कोणी बोललेले नाही. सौजन्य, शिष्टाचार, अदब, अगत्य, रीतभात यांतले काय घ्यावे?

नौपाड्याचे आजोबा
अगत्य नक्कीच नको. ते पाहुण्याचे करतात. अदब ही वरिष्ठासमोर असते. सौजन्य चांगले, पण वर्तमानपत्रातल्या छायाचित्राखाली ‘सौजन्य’ छापून छापून त्याचा अर्थ पातळ झाला आहे. रीतभात घ्या. आणि सुरुवात ‘कृपया’ने करा, नुसते हुकूम सोडू नका.

तळटीप
आजोबा, ‘कृपया’ ही संस्कृतातली तृतीया विभक्ती आहे, ‘कृपेने’ असा तिचा अर्थ होतो. मराठीत ‘कृपा करून’ होते, पण बोलण्यात ते फार भारदस्त वाटते. माझ्या मते मराठी सौजन्य वेगळ्या शब्दात नसते, ते क्रियापदाच्या शेपटीत असते. ‘बस’, ‘बसा’, ‘बसावे’, ‘बसता का जरा’, ‘बसून घ्या ना’ यांत एकही ‘कृपया’ नाही आणि आदराच्या पायऱ्या मात्र सगळ्या आहेत. ठाणे स्थानकावर वाशीच्या गाडीला फलाट क्रमांक दहावर लोटालोट चालू असताना उद्घोषणेतली ‘कृपया’ कोणालाही थांबवत नाही. मागच्या बाईंनी ‘अहो, उतरू तर द्या आधी’ म्हटले, की दोन माणसे बाजूला होतात. त्या वाक्यातले सौजन्य कुठल्या शब्दात आहे, ते दाखवा.

नेरुळची वाचक
‘तर’मध्ये आहे. आणि थोडे ‘अहो’मध्ये.

उपविधी
तळटीप यांच्या मुद्द्यावरून सूचनांच्या भाषेतली आणखी एक गोम सांगतो. ‘सभासदांनी कचरा लिफ्टमध्ये ठेवू नये’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आणि परिणामाने शून्य असते, कारण ते वाचणारा प्रत्येक सभासद ‘सभासदांनी’ म्हणजे शेजाऱ्यांनी असे समजतो. ‘सूचित करण्यात येते की’ हे त्याहून वाईट. तिथे सांगणाराही गायब असतो. माझ्या मते या सूचनेला लागणारा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तो म्हणजे ‘आपण’. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, ‘आपण’ त्याला आत घेतो, आणि तोच शब्द आदराचा मध्यमपुरुषही आहे. ‘पिशवी गळत असेल, तर आपण ती दुसऱ्या पिशवीत घालून आणू, सांडलेच, तर आपणच पुसून घेऊ.’ यात कॉमन सेन्स, कर्टसी आणि रिस्पॉन्सिबिलिटी या तिघांचे भाषांतर एकाही शब्दाने झालेले नाही, आणि तरीही सगळे सांगून झाले आहे.

स्वभाषा
हे भाषांतर नव्हे. ही पळवाट आहे. मूळ मजकुरात तीन संकल्पना आहेत. त्यांना मराठी नावे नसतील तर ती घडवली पाहिजेत. गळक्या पिशवीची गोष्ट सांगून संकल्पनेचे काम भागत नाही. उद्या लिफ्टचे दार धरून कोणी फोनवर बोलत राहिले, तर त्यासाठी वेगळी सूचना लावणार का?

उपविधी
लावणार. निरनिराळ्या खोड्यांना निरनिराळ्या सूचना, असेच आमच्याकडे आजवर चालत आले आहे.

कळव्याची मावशी
उशिरा लिहिते आहे, पण नेरुळच्या ताईंच्या यादीतल्या ‘सोयरसुतका’वर कोणी थांबले नाही याचे नवल वाटले. सोयर म्हणजे जन्मानंतर पाळायचे अशौच आणि सुतक म्हणजे मृत्यूनंतरचे. ज्याच्या घरच्या जन्माचे सोयर आपल्याला लागत नाही आणि मृत्यूचे सुतकही नाही, तो आपला कोणी नव्हे. म्हणजे ‘सोयरसुतक नाही’ याचा मूळ अर्थ ‘नाते नाही’ असा आहे, आणि त्यावरून तो ‘पर्वा नाही’वर आला. आमच्या चाळीत एका घरी सुतक असले, की शेजारच्या घरातला रेडिओ आपोआप बंद व्हायचा, नाते असो वा नसो. आता मी तेवीस मजल्यांच्या इमारतीत राहते आणि समोरच्या दारामागे कोण गेले, हे मला दाराबाहेरच्या चपलांची संख्या पाहून कळले. अशा ठिकाणी कोणता शब्द वापरायचा?

तळटीप
मावशी, फार चांगला मुद्दा आहे. पण मग ‘ताळतंत्र’ही पाहायला हवे. मी ते संगीतातून आलेले मानतो : ताल आणि तंत्र सुटले, की गाणे फसते.

उपविधी
अजिबात नाही. तो हिशोबाचा ताळा आहे. बेरीज बरोबर आली की नाही हे तपासायला आम्ही ताळा करतो, ‘ताळ्यावर येणे’ आणि ‘ताळेबंद’ही तिथलेच. संगीतवाल्यांनी प्रत्येक शब्दावर हक्क सांगू नये.

तळटीप
मग त्या ‘तंत्रा’चे काय करायचे? आपल्या खातेवहीत त्याला कोणत्या रकान्यात बसवता?