मदत हवी आहे: बुडिकाचं बंड नक्की कशामुळे पेटलं?

मंडळी, रोमन ब्रिटनबद्दल वाचताना अडकलोय, जरा मदत करा. पूर्व ब्रिटनमधल्या आइसिनी जमातीचा, रोमचा मांडलिक राजा प्रासुटागस, त्याने मृत्युपत्रात सम्राट नीरो आणि आपल्या दोन मुली असे वारस ठेवले, बिचाऱ्याला वाटलं घर वाचेल, पण तो गेल्यावर रोमनांनी सगळंच घशात घातलं, त्याची राणी बुडिका हिला फटके मारले, मुलींवर अत्याचार. मग इ.स. 60-61 मध्ये तिने कोल्चेस्टर, लंडन, सेंट ऑल्बन्स तिन्ही जाळली, लंडनमध्ये खोदताना भाजलेल्या मातीचा लाल थर अजून लागतो!

आता घोळ असा की रोमन इतिहासकार टॅसिटस हा अपमान पुढे करतो आणि दुसरा रोमन इतिहासकार कॅसियस डिओ म्हणतो नीरोचा सल्लागार सेनेकाने ब्रिटनमध्ये दिलेलं कर्ज एकदम परत मागितलं. डिओने तर दीडशेच्या वर वर्षांनी लिहिलंय. कोणाचं धरायचं? आणि शेजारच्या ट्रिनोव्हांटीस जमातीचे लोक बंडात का उतरले, निवृत्त रोमन सैनिकांनी त्यांची घरं-शेतं बळकावली एवढ्यावरूनच?